बारमाही गुलाबाची जन्मकथा

पावसाळा संपून आकाश निवळलें, कीं दख्खनच्या शहरांतून घरोघरीं अंगणांत आणि गच्चीवरील कुंड्यांत गुलाबाची छाटणी सुरू होते. वाळक्या व दुबळ्या फांद्या काढून टाकावयाच्या, जोमदार फांद्या बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर तिरप्या कापावयाच्या, आळें उकरून शेणखत घालावयाचें, आणि मग वाट पाहावयाची. कोजागिरीच्या सुमारास छाटलेलें झाड साधारण दीड महिन्यानें, म्हणजे मार्गशीर्षाच्या आगेंमागें, पहिलें फूल दाखवितें. आणि पुढें थंडीभर एक फूल गळतें न गळतें तोंच दुसरी कळी डोकावूं लागते. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे कीं, गुलाब हा असाच फुलावयाचा, असें सर्वांस वाटतें. वास्तविक युरोपांतील बहुतेक सर्व गुलाबांस हें कसब सव्वादोनशें वर्षांपूर्वीं मुळींच ठाऊक नव्हतें.

त्या काळीं युरोपांत चांगले गुलाब नव्हते, असें मात्र नाहीं. गॅलिका, डमास्क, आल्बा आणि गच्च पाकळ्यांचा सेंटिफोलिया अशीं नामांकित घराणीं तेथें नांदत होतीं. सुगंधांत आजचे पुष्कळ गुलाब त्यांच्यापुढें फिके पडतील. परंतु त्यांचा बहर वर्षांतून एकदांच, उन्हाळ्याच्या आरंभीं येई. जून महिना आला कीं झुडपें फुलांच्या भारानें वांकून जात. कांहीं आठवड्यांत सारा सोहळा आटोपे, आणि मग पुढल्या जूनपर्यंत केवळ पानें आणि कांटे! म्हणून त्या थोड्या दिवसांतच पाकळ्या वाळविणें, गुलाबपाणी काढणें, पाकळ्या साखरेंत मुरविणें, हीं कामें उरकावीं लागत. या नियमास एकच ठळक अपवाद होता, तो म्हणजे शरद ऋतूंतही थोडीं फुलें देणारा डमास्क गुलाब. रोमन कवि व्हर्जिल यानें ख्रिस्तपूर्व २९ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या 'जॉर्जिक्स' या कृषिकाव्यांत, इटलींतील पेस्टम येथील वर्षांतून दोनदां फुलणाऱ्या गुलाबांचा उल्लेख आहे. तथापि हा दुसरा बहर तुरळक व बेभरंवशाचा असे.

चीन देशांतील माळ्यांनीं मात्र हें कोडें कित्येक शतकांपूर्वींच सोडविलें होतें. तेथें या फुलास 'युएजी' म्हणतात. दर महिन्यास फुलणारें, असा त्या नांवाचा आशय आहे. एखादें झाड वारंवार फुलतांना आढळलें, कीं तें निवडून जतन करावयाचें, त्याचीं रोपें वाढवावयाचीं आणि त्यांतून पुन्हां निवड करावयाची, असें हें पिढ्यान् पिढ्यांचें काम होतें. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्य व्यापाऱ्यांस चीनमध्यें एकट्या कॅन्टन बंदरांतच व्यापाराची मुभा होती. त्या बंदराजवळ फा-ती येथें रोपांच्या बागा होत्या. चहा आणि रेशीम भरण्यासाठीं आलेलीं जहाजें तेथूनच कुंड्या विकत घेत.

या कुंड्या युरोपास जिवंत पोंचविणें हें मोठें दिव्यच होतें. प्रवास महिनोन्‌महिने चाले. समुद्राचें खारें पाणी उडून पानें करपत, आणि गोड्या पाण्याच्या वांटणींत खलाशांच्या आधीं रोपांची पाळी येणें कठीणच. वाटेंत विसांवा मिळाला तर रोप जगण्याची आशा वाढे. हुगळीच्या कांठीं कलकत्त्याजवळ १७८७ मध्यें कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकारानें ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतिबाग स्थापन झाला होता. पूर्वेकडून आलेल्या कांहीं रोपांस तेथें आसरा मिळाला व त्यांतील कांहीं पुढें युरोपास गेलीं. त्यामुळें फ्रान्समध्यें या चिनी गुलाबाचें नांव 'बंगालचा गुलाब' असेंच रूढ झालें. जन्म एकीकडचा आणि नांव दुसरीकडचें, असा हा प्रकार झाला.

चीनहून इंग्लंडांत गेलेल्या गुलाबांपैकीं चार विशेष प्रसिद्ध आहेत. कंपनीचे एक संचालक गिल्बर्ट स्लेटर यांच्याकडे १७९२ च्या सुमारास किरमिजी गुलाब आला. १७९३ च्या सुमारास पार्सन्स नांवाच्या गृहस्थाच्या बागेंत हलका गुलाबी गुलाब फुलला. १८०९ मध्यें सर अब्राहम ह्यूम यांस फिकट गुलाबी, मंद वासाचा गुलाब मिळाला. तो वास चहाच्या पानांसारखा वाटल्यावरून या घराण्यास 'टी' गुलाब म्हणूं लागले. १८२४ मध्यें लंडनच्या उद्यानसंस्थेनें चीनला धाडलेल्या जॉन पार्क्स यानें फिकट पिवळा गुलाब आणला. आजही हे चारी गुलाब स्लेटर, पार्सन्स, ह्यूम आणि पार्क्स यांच्याच नांवांनीं ओळखले जातात. ज्या माळ्यांनीं ते घडविले, त्यांपैकीं एकाचेंही नांव त्यांस चिकटलेलें नाहीं.

हे पाहुणे नाजूक होते. उत्तर युरोपांतील कडाक्याचें हिंव त्यांस सोसवत नसे. तेव्हां त्यांचा काटकपणाशीं संबंध जुळविणें अवश्य होतें. परंतु यांत एक मेख होती. एकदां फुलणाऱ्या आणि बारमाही गुलाबांचा संकर केला, तर पहिल्या पिढींतील झाडें सामान्यतः एकदांच फुलत. बारमाहीपणा गेला कीं काय, असें वाटे. पण तो गेलेला नसे, दडून राहिलेला असे, आणि पुढल्या पिढींत कांहीं रोपांत पुन्हां प्रकट होई. याचें रहस्य आतां उलगडलें आहे. गुलाबांत बहरास आवर घालणारें एक आनुवंशिक बीज, म्हणजे जनुक आहे. चिनी गुलाबांत या जनुकामध्यें एक परका तुकडा शिरून त्याचें काम बंद पडलें, असें २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविण्यांत आलें. बिघडलेलें जनुक दोन्हीं बाजूंनीं मिळाल्याखेरीज झाड वारंवार फुलत नाहीं. म्हणजे, निसर्गाच्या हातून झालेली एक चूक चिनी माळ्यानें ओळखली आणि तिचें सोनें केलें!

अमेरिकेंतील चार्ल्स्टन येथें हाच खेळ प्रत्यक्ष घडला. तेथील भातशेतीचे मालक जॉन चँप्नीज यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पार्सन्सचा गुलाब व कस्तुरी गुलाब यांपासून एक सुंदर वेल मिळविला. तो एकदांच फुले. त्याच गांवचे फिलिप नॉइझेत यांनीं त्याचें बीं पेरलें, आणि त्यांतून निघालेलें रोप पुन्हां पुन्हां फुलूं लागलें. १८१४ च्या सुमारास तें पॅरिसमधील त्यांच्या बंधूंकडे गेलें, आणि नॉइझेत घराणें जन्मास आलें.

हिंदी महासागरांतील बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनमध्यें, तर हें लग्न कोणीं न जुळवितांच लागलें. तेथें कुंपणासाठीं शरदांत फुलणारा डमास्क आणि चिनी गुलाब शेजारीं शेजारीं लावीत. त्या कुंपणांत एक वेगळेंच झाड वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेआँ यांस आढळलें. त्याचें बीं त्यांनीं फ्रान्सला धाडलें, आणि १८१९ च्या सुमारास माळी झाक यानें तें पेरून बूर्बाँ गुलाबांचा वंश सुरू केला. बेटावर त्या गुलाबास 'एदुआर' म्हणत. हिंदुस्थानांतील रोपवाटिकांत 'एडवर्ड' नांवाचा जो गुलाब डोळा भरण्यासाठीं खुंट म्हणून वापरला जातो, तो याच गुलाबाचें रूप होय.

याच सुमारास फ्रान्समध्यें गुलाबाचें वेड वाढत होतें. नेपोलियनची राणी जोसेफीन हिनें १७९९ मध्यें घेतलेल्या मालमेझों येथील बागेंत देशोदेशींच्या दुर्मिळ वनस्पति व गुलाब जमविले. ती १८१४ मध्यें वारली. तिच्या आश्रयास असलेला चित्रकार रेदूते याचा गुलाबांवरील चित्रग्रंथ १८१७ ते १८२४ या काळांत प्रसिद्ध झाला. युरोपच्या जुन्या गुलाबांशेजारीं त्यांत बंगालचे गुलाबही दिसतात. पुढें १८६७ मध्यें लियाँचे गियो यांनीं 'ला फ्रान्स' हा गुलाब काढला. त्यास आधुनिक 'हायब्रिड टी' घराण्याचा मूळपुरुष मानतात. उंच निमुळती कळी, लांब देंठ आणि वारंवार बहर हें या घराण्याचें लक्षण होय.

या नव्या झळाळींत एकदां फुलणारे जुने गुलाब बागांतून मागें पडले. ते नष्ट होऊं नयेत, म्हणून पॅरिसजवळील ला-ई या गांवीं झ्यूल ग्राव्हरो यांनीं १८९९ मध्यें केवळ गुलाबांचीच बाग रचविली व तींत हजारों जाती गोळा केल्या. तेथें जूनची वाट पाहाण्याचा तो जुना आनंद आजही अनुभवतां येतो.

एवढें असूनही बारमाही गुलाब ऋतु अगदींच विसरला आहे, असें म्हणतां येत नाहीं. छाटणी चुकली, तर तोही काटकुळा होतो व फुलें बारीक येतात. दीड महिना उघड्या फांद्यांकडे पाहून धीर धरावा, तेव्हांच मार्गशीर्षांत टपोरें फूल हातीं येतें. कॅन्टनच्या त्या अनामिक माळ्यांनीं फुलांचे दिवस वाढविले. वाट पाहाण्याचे दिवस त्यांनींही पुरते काढून टाकले नाहींत. गच्चीवरच्या कुंडींत पहिली कळी रंग दाखवील, तेव्हां त्यांची आठवण व्हावी, एवढें ऋण त्यांचें खास आहे.