झटक्यानंतर हृदयात काय घडते?

हृदयविकाराचा झटका ओसरून रुग्ण घरी परतला की नातेवाईक निर्धास्त होतात. हृदयाची डागडुजी मात्र तेव्हा कुठे सुरू झालेली असते. मृत स्नायूच्या जागी कोलॅजेनचा व्रण तयार होतो. उरलेल्या स्नायूवर ताण येऊन डावा कप्पा पुढील काही महिन्यांत पसरू शकतो. हीच ऊतींची पुनर्रचना. तिच्या खुणा रक्तात उमटतात.

ट्रोपोनिन केवळ इजा सांगते व काही दिवसांत ओसरते. कप्प्यावरील ताण दाखवते ते बीएनपी. जपानी संशोधकांना १९८८ मध्ये ते प्रथम डुकराच्या मेंदूत आढळले, म्हणून हृदयातल्या या द्रव्याच्या नावात मेंदू! एमएमपी-९ हे विकर व्रणाभोवतीची जाळी तोडते, तर टिंप-१ त्याला आवर घालते.

नागपुरातील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या संशोधकांनीही हृदयरुग्णांच्या रक्तातील प्रथिनांचा अभ्यास केला आहे. मात्र एमएमपी-९ इतर दाहांतही वाढते. बीएनपी मूत्रपिंडाच्या विकारात चढते, लठ्ठ व्यक्तींत कमी दिसते. त्यामुळे कप्प्याचा आकार पाहण्यासाठी आजही इको तपासणी करावीच लागते.