खाऱ्या पाण्यातला हिरवा वाफा



समुद्रात मासे, खेकडे, प्रवाळ युगानुयुगे जगत आले आहेत. त्याच समुद्राचे पाणी बादलीत भरून त्यात एक मासा ठेवा. थोड्याच दिवसांत पाण्याला वास सुटेल आणि मासा उलटा तरंगू लागेल. समुद्राला जे साधते ते बादलीला का साधत नाही? प्रश्न साधा, पण त्याचे पुरते उत्तर हाती यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

१८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. वाटेत हिसके बसू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने स्पंजाला टाके घालून बसवले होते. लंडनपासून समुद्र लांब. रोज नवे पाणी कुठून आणणार? मग घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पाण्यात हवा मिसळावी, एवढाच हेतू. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ सोडले. प्रवाळ जगले, आणि मोलकरणीचे कष्टही हलके झाले असतील.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातला असाच प्रयोग विद्वानांपुढे मांडला. दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले आणि घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरले.

पण पुष्कळांच्या पेट्या नासल्या. लोकांची समजूत अशी होती की, मासा श्वास टाकतो तो वनस्पती घेते आणि वनस्पती प्राणवायू देते तो मासा घेतो. झाला हिशेब पुरा! हिशेब अर्धाच होता. माशाला आपण रोज खाणे घालतो. त्याची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो. तो विषारी. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव असतात हे १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोसिंग आणि मुंट्झ यांनी दाखवले. असेच जीव पेटीतल्या वाळूत अन् दगडावरही वाढतात. नायट्रेट कमी विषारी खरे, पण ते साचत जाते. पेटीत रोज काहीतरी पडते. बाहेर मात्र काहीच जात नाही.

शेतकरी बांधवांना यातली खूण लगेच पटेल. नायट्रेट म्हणजे पिकाचे खतच. पीक खत खाते आणि आपण पीक कापून नेतो. तसेच शेवाळ वाढवावे आणि कापून बाहेर काढावे, म्हणजे त्यासोबत पाण्यातली घाणही निघून जाते. हे तत्त्व वॉल्टर एडी यांनी वॉशिंग्टनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात वापरून दाखवले. तिथे १९८० मध्ये मांडलेल्या प्रवाळ-कुंडाचे पाणी शेवाळाच्या वाफ्यांवरून खेळवून शुद्ध केले जाई.

आज हौशी मंडळी याच कामासाठी मुख्य पेटीला जोडून एक वेगळे कुंड ठेवतात. त्याला रेफ्युजियम, म्हणजे आश्रयस्थान, म्हणतात. वेगळे अशासाठी की मासे शेवाळ खाऊन टाकू नयेत, आणि माशांचे खाद्य होणाऱ्या बारीक जीवांना तिथे निर्धास्त वाढता यावे. मांडणी सोपी आहे. पेटीतले पाणी कुंडात संथ उतरू द्यावे आणि पंपाने परत वर चढवावे. कुंडात कीटोमॉर्फा या शेवाळाचा मूठभर गुंता टाकावा. दिसायला तो हिरव्या दोऱ्याच्या गुंडाळीसारखा असतो. वर दिवा लावावा. पुष्कळजण हा दिवा रात्री लावतात. मुख्य पेटीतला उजेड गेल्यावर पाण्याची आम्लता वाढू लागते, ती त्याने आवरते. कुंड भरले की निम्मे शेवाळ काढून टाकावे. हे काढणे चुकवले तर दाटीत खालचे शेवाळ कुजते आणि खाल्लेली घाण पाण्यात परत येते.

पण काढलेले शेवाळ टाकायचे कुठे? १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयासमोर समुद्रात कौलर्पा जातीच्या परक्या शेवाळाचा लहानसा तुकडा दिसला. पुढे ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडले. तिथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले. २००६ मध्ये ते संपल्याचे जाहीर झाले, पण तोवर लक्षावधी डॉलर खर्ची पडले होते. म्हणून पेटीतले शेवाळ खाडीत, ओढ्यात किंवा गटारात कधीही टाकू नये. उन्हात कडकडीत वाळवावे आणि मग कचऱ्यात टाकावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शाळेत हा धडा द्यायचा असेल, तर समुद्राची गरज नाही. काचेच्या दोन बरण्यांत तळ्याचे पाणी आणि चिमूटभर शेणखत घाला. एकीत पाणवनस्पती सोडा, दुसरी तशीच ठेवा, आणि दोन्ही सारख्या उजेडात मांडा. महिनाभर दोन्हींतला फरक मुलांनाच वहीत टिपू द्या.