भिंतीतला दिवा

घरात दिवा कोठे लावावा, हा प्रश्न इतिहासाच्या व्यासपीठावर आणण्याजोगा आहे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तो तसा वाटतो. राजाने कोणाला कोणते गाव दिले हे ताम्रपट सांगतात. पण घरातल्या कोणत्या माणसाच्या कामाला उजेड मिळाला, हे पाहावयाचे तर घराच्या भिंतीलाच विचारावे लागते.

खानदेशातले जुने धाब्याचे घर डोळ्यांपुढे आणा. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडे आणि वर मातीचे धाबे. वैशाखातले ऊन घराबाहेर थोपविण्यासाठी ही रचना. म्हणून खिडक्या थोड्या आणि लहान. धुळ्यात १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्ज याने सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. अशा शहरी वस्तीत घराला घर लागले, की मधल्या खोलीत भर दुपारीही अंधार. तेव्हा दिव्याची जागा घर बांधतानाच ठरवावी लागे. भिंत चढत असतानाच गवंड्याला कोनाडा कोठे सोडावयाचा ते सांगावे लागे. मागाहून भिंत फोडणे कोणालाच परवडत नसे.

हा कोनाडा, ही देवळी, मोठी हिशेबी वस्तू होती. हात पोचेल इतकी उंच, पण मुलांच्या हाती लागणार नाही अशी. खोली एवढी, की दारातून आलेल्या वाऱ्याने ज्योत विझू नये. आतून पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात फिरविला, की तोच उजेड दुणावून बाहेर पडे. मात्र उजेड समोर पडे. कोनाड्याच्या कडेची सावली भिंतीच्या पायथ्याशी उरे. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या लोकांनी घरातच अनुभवली होती.

त्या ज्योतीला तेल लागे, आणि तेल मोजून मिळे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याची ही नोंद. लेखाच्या मराठी भागात मठाला दिलेल्या उत्पन्नांत, जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेलही आहे. जेथे विद्येच्या मठालाही तेल पळीने मिळे, तेथे कुणब्याच्या घरी रात्री किती दिवे जळत असतील, याची कल्पना करावी.

१८६० नंतरच्या दशकात आगगाडी चाळीसगाव, पाचोरा, जळगाववरून भुसावळला पोचली. पुढे परदेशचे घासलेट आले, आणि चिमणी नि कंदील घरोघर झाले. काच प्रथम परदेशची. मग तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खुंट्यांवर लटकू लागला. दिवा आता कोनाडा सोडून हिंडू लागला. पण हिंडणारा दिवा ज्याच्या हाती, उजेड त्याचा. पाहुणे आले की कंदील ओसरीवर जाई आणि स्वयंपाकघर चुलीच्या जाळावर भागवी. चुलीला स्वतःचा जाळ आहे, तिला वेगळा दिवा कशाला, हा हिशेब आम्ही अनेक घरांत ऐकला आहे.

याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांना सुचलेली गाणी घरच्या शिकलेल्या मुलांनी कागदावर उतरविली, आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. अशा किती जणींचे शब्द पहाटेच्या अंधारातच राहिले असतील! पणतीने सगळे बदलले असते असे आम्ही म्हणत नाही. पण अक्षर आणि उजेड घरात बहुधा एकाच वाटेने फिरले, हे खरे.

मग वीज आली. १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, आणि पुढे भुसावळजवळ वीजकेंद्र उभे राहिले. त्या वस्तीचे नावच दीपनगर. विजेने धूर, काजळी, आगीचे भय घालविले. हे उपकार थोडे नव्हेत. परंतु गवंड्याला विचारला जाणारा प्रश्न तेव्हाच सुटला. खोलीच्या मधोमध एक दिवा टांगला, की काम झाले! वास्तविक मधल्या दिव्याकडे पाठ करून ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईची सावली तिच्याच विळीवर पडते. पूर्वी तिला दिवा नव्हता. आता दिवा आहे, पण तो तिच्या पाठीशी आहे.

आज साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. तेलाची पळी आता आड येत नाही. म्हणून घर बांधणाऱ्याने दुकानातली शोभेची कवचे पाहण्यापूर्वी घरात एकदा फिरावे, आणि कोण कोठे बसून काय करते ते टिपावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डावीकडून उजेड द्यावा. ओट्यावरचा दिवा समोरच्या भिंतीवर असावा. जिन्याचा दिवा डोळ्यांवर न येता पायऱ्यांवर पडावा. म्हातारी माणसे निजतात तेथे बटण अंथरुणावरून हाताला लागावे. आणि हे सारे भिंतीला गिलावा होण्यापूर्वी ठरवावे.

कोनाडे परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. कोनाड्यामागचा विचार तेवढा परत यावा. उद्या कोणी आपल्या घराची भिंत वाचली, तर येथे प्रत्येकाच्या हातांपुरता उजेड होता, एवढे तिने सांगावे.