भाड्याच्या घरात भिंतीला बुरशी आली, तर भाडेकरू काय करू शकतो? कायदा काय सांगतो?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत पावसाळ्याचे चार महिने भिंती नीट वाळतच नाहीत. स्लॅबमधून पाणी झिरपतं, बाहेरच्या प्लास्टरला भेगा असतात, बाथरूमचा पाइप गळतो. मग रंगाचे पोपडे सुटतात, घरात कुबट वास येतो आणि कपाट हलवलं की मागे काळे-हिरवे डाग दिसतात. हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा घरात दमा आणि श्वसनाचे त्रास वाढतात, असं त्यात म्हटलं आहे.

बदलीवर आलेले शिक्षक, पोलीस आणि वनकर्मचारी, वेकोलि आणि वीज केंद्रातले कामगार, गोंडवाना विद्यापीठाचे विद्यार्थी... या भागात भाड्याने राहणारे पुष्कळ आहेत. तक्रार केली की घरमालकाचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. पावसाळ्यात "ओल तर सगळीकडेच येते" आणि उन्हाळ्यात "तुमच्या कूलरमुळे झालं."

बुरशीसाठी वेगळा कायदा आहे का?

भारतात नाही. ब्रिटनमध्ये रॉचडेल इथे २०२० साली बुरशी लागलेल्या घरात दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'अवाब्स लॉ' ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना लागू झाला. अशा तक्रारीवर ठरलेल्या मुदतीत काम करणं त्यांना आता बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र घराच्या दुरुस्तीबद्दलच्या सर्वसाधारण तरतुदींचाच आधार घ्यावा लागतो.

आधी कागद काढून बघा

सगळं यावर ठरतं. तुमच्याकडे भाडेकरार आहे की 'लिव्ह अँड लायसन्स'?

भाडेकरार असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ कामी येतो. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. विदर्भात त्याआधी १९४९ चा सीपी अँड बेरार आदेश चालायचा. नव्या कायद्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाची. म्हणजे भाडं महिना ६,००० रुपये असेल, तर वर्षाला जास्तीत जास्त १८,००० रुपये. बिलं आणि पावत्या जपून ठेवा, खर्चाचा पुरावा त्याच असतात.

पण "दुरुस्ती भाडेकरू करेल" असं करारात लिहून तुम्ही सही केली असेल, तर कलम १४ चा आधार निसटतो. हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे. त्यामुळे गावात राहत असाल, तर गाव त्यात आहे का हे आधी तपासा. नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ आहे. जी दुरुस्ती करायला घरमालक बांधील आहे, ती त्याने सांगूनही वाजवी वेळेत केली नाही, तर खर्च व्याजासह भाड्यातून वळता करता येतो.

११ महिन्यांचा करार असेल तर?

आज बहुतेकांकडे हाच असतो आणि अडचण इथेच आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नसतो. त्यामुळे कलम १४ दाखवून भाडं कापायला जाऊ नका. तुमच्या बाजूने मुख्यतः करारातली कलमं असतात. दुरुस्ती कोणाची, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन आहे का, हे वाचा.

यासोबत एक जुना, फारसा कोणी न वापरणारा कायदा आहे: भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. घरातला जो दोष राहणाऱ्याच्या जिवाला किंवा सामानाला धोकादायक ठरू शकतो आणि जो मालकाला माहीत आहे पण तुम्हाला नाही, तो सांगणं कलम ५७ नुसार मालकावर बंधनकारक आहे. दिवाळीत ताजा रंग मारून दिलेलं घर जुलैमध्ये गळायला लागलं आणि आधीच्या भाडेकरूनेही हीच तक्रार केली होती असं निघालं, तर हे कलम नोटिशीत जरूर लिहावं. मुदत संपल्यावर मात्र भांडत घरात राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट रक्कम भरावी लागू शकते.

स्टॅम्प पेपरवर करार झाला, पण नोंदणीच नाही? नोंदणीची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

कूलरचं काय?

हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. तुमच्या वापरामुळे ओल आली असेल, तर दुरुस्ती तुमच्यावर येते. म्हणून डागाचं ठिकाण महत्त्वाचं. खिडकीतल्या कूलरखालची ओल आणि छताच्या कोपऱ्यातून उतरणारी ओल वेगळी दिसते. घर घेतल्याच्या दिवशीच व्हिडिओ काढून घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा आणि मूळ फाइल मोबाइलमधून डिलीट करू नका. प्रकरण कोर्टात गेलं, तर अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

फ्लॅट सोसायटीत असेल, तर गच्ची आणि बाहेरच्या भिंतीतून होणारी गळती सहसा सोसायटीने दुरुस्त करायची असते. अर्ज घरमालकाला करायला लावा. इमारत नवी असेल आणि ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याखाली तो बिल्डरकडून फुकट काम करून घेऊ शकतो. बऱ्याच घरमालकांना हे माहीत नसतं.

रील्समधला 'नवा भाडे कायदा'

दोन महिन्यांचंच डिपॉझिट वगैरे नियम केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातले आहेत. तो फक्त नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे रील पाहून भाडं थांबवू नका. थकबाकी हे घर खाली करून घेण्याचं कारण ठरतं.

दाद कुठे मागायची?

भाडेकरूचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो. त्याआधी चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत मिटवता येतं. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१००.