बंद राहिली म्हणून वाचलेली डिस्क

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर एकाएकी निकामी झाले. जेएनपीटीतलं हे टर्मिनल एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवत होती आणि ती कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज समूहाची. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे ठेवायचा हे सगळं सॉफ्टवेअर सांगत असे. ते गेलं, आणि माणसांना कागदावर नोंदी करत काम रेटावं लागलं. त्याच दिवशी मर्स्कची जगभरातली कितीतरी बंदरं अशीच अडकली.

कारण होतं नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो बाहेर पडला आणि नेटवर्कला जोडलेलं जे यंत्र सापडेल ते पुसत सुटला. मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. बऱ्याच सर्व्हरचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप होते. पण एक गोष्ट सापडेना: डोमेन कंट्रोलरची प्रत. डोमेन कंट्रोलर म्हणजे कंपनीची हजेरीवही आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र. कोण कर्मचारी, कुठलं यंत्र, कुणाला काय उघडायची परवानगी, हे सगळं त्यात असतं. मर्स्ककडे असे सुमारे १५० सर्व्हर होते आणि ते सतत एकमेकांची नक्कल करत. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, असा हिशोब होता. सगळेच एका वेळी जातील हे कुणाच्या गणितात नव्हतं.

एक मात्र वाचला. तो होता घानामध्ये. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. आपल्याकडे ज्याला आपण लोडशेडिंग म्हणून शिव्या घालतो, त्याच प्रकाराने जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीला वाचवलं. पुढची गोष्ट तर सिनेमात शोभावी अशी. घानाचं इंटरनेट इतकं मंद, की तो डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. नंतर दहा दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात कौतुक होतं ते कायम चालू असणाऱ्या यंत्रांचं. इथे मात्र वाचला तो बंद असलेला. म्हणून वापरात नसलेल्या डिस्कचा इतिहास मला वाचावासा वाटला, आणि तो वाटला होता त्यापेक्षा बराच रंजक निघाला.

यंत्राला निजवायचं कसं?

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने सप्टेंबर १९५६ मध्ये जगासमोर आणली. रॅमॅक या कॉम्प्युटरचा तो भाग होता. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. आज व्हॉट्सॲपवर आलेला एखादा फॉरवर्ड व्हिडिओ याहून मोठा असतो. वाचणारं टोक, ज्याला हेड म्हणतात, ते तबकडीला टेकू नये म्हणून कॉम्प्रेसरने हवा सोडावी लागे. हे धूड काढून कपाटात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न निर्माण झाला १९६२ मध्ये. आयबीएमच्या १३११ या यंत्रात सहा तबकड्यांची चवड बाहेर काढता येत असे. वर प्लास्टिकचं झाकण लावलं, की केकच्या डब्यासारखी दिसणारी ही साडेचार किलोंची वस्तू उचलायची आणि फळीवर ठेवायची. काम संपल्यावर डिस्क काढून ठेवणं ही कल्पना इथून रुळली. पण चवड बाहेर आली की तिला धूळ लागे, आणि हेड यंत्रातच राहिल्यामुळे एका यंत्रावर लिहिलेलं दुसऱ्यावर नीट वाचण्यासाठी फार काटेकोर जुळवणी लागे.

१९७३ मध्ये आयबीएमच्या ३३४० या मॉडेलने यावर तोडगा काढला. याचं टोपणनाव विंचेस्टर, त्याच नावाच्या बंदुकीवरून. यात तबकड्या आणि हेड एकाच बंद डब्यात ठेवले. हेड इतके हलके केले, की तबकडी थांबली तर ते तिच्यावर अलगद उतरायचे आणि फिरू लागली तर हवेवर पुन्हा तरंगायचे. आज आपण वापरतो त्या सगळ्या हार्ड डिस्क याच घराण्यातल्या.

घरगुती कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क आली ती १९८० च्या दशकात, आणि तिच्यासोबत एक विधीही आला. कॉम्प्युटर हलवायचा असेल तर आधी 'पार्क' नावाचा छोटा प्रोग्राम चालवायचा. तो हेडना रिकाम्या पट्ट्यावर नेऊन बसवी. मग वीज बंद करायची आणि मगच यंत्र उचलायचं. न करता उचललं आणि धक्का बसला, तर हेड नेमकं डेटावर आपटायची भीती.

पुढे हे काम डिस्क स्वतःच करायला शिकली, आणि त्यातली युक्ती मला फार आवडते. वीज अचानक गेली तरी तबकड्या काही क्षण स्वतःच्या वेगाने फिरत राहतात. त्या फिरण्यातूनच मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, आणि त्या शेवटच्या चिमूटभर विजेवर हेड आपल्या जागी परततात. १९९० च्या दशकात लॅपटॉपच्या डिस्कमध्ये कडेला एक छोटा उतार बसवू लागले. झोपताना हेड त्या उतारावर चढून बसतात, तबकडीला शिवतही नाहीत. २००३ मध्ये आयबीएमने थिंकपॅडमध्ये पडणं ओळखणारा सेन्सर घातला. लॅपटॉप हातातून सुटला, की जमिनीवर आपटायच्या आत हेड बाजूला होत.

यातून एक साधी गोष्ट कळते. फिरणारी डिस्क नाजूक असते. हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, आणि माणसाचा केस जवळपास ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. निजलेली डिस्क त्याच धक्क्याला कितीतरी पट जास्त तोंड देते. म्हणून बाहेरची डिस्क काढताना आधी 'इजेक्ट' करा, वायर काढा, आणि आतली घरघर थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद तिला जागेवरून हलवू नका.

पोथीचं म्हणणं

जुन्या संस्कृत पोथ्यांच्या शेवटी लेखनिक बऱ्याचदा एक श्लोक लिहून ठेवत. त्यात पोथीच वाचकाला विनवते, की तेल, पाणी आणि सैल बांधणी यांच्यापासून मला राखा, आणि मूर्खाच्या हाती सोपवू नका. कपाटातल्या डिस्कसाठी मी यापेक्षा चांगली यादी करू शकलो नसतो.

पाण्याचंच घ्या. बहुतेक डिस्क पूर्ण हवाबंद नसतात. त्यांना एक बारीक छिद्र असतं, आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून. त्यामागे गाळणी असते, ती धूळ अडवते, पण दमट हवा हळूहळू आत जातेच. कोकणातला पावसाळा चार महिने भिंतींना बुरशी आणतो, तिथे डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेली बरी. एसीतून किंवा थंडीतून आणलेली डिस्क लगेच जोडू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर चष्म्यावर धरतं तसं दव आत धरतं. पुराचं पाणी तर डबाबिबा काही जाणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरची कपाटं कपाटांसकट पाण्यात गेली. म्हणून एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी. पीटर क्रोग या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसरीकडे.

लोहचुंबकाची भीती मात्र जरा जास्तच पसरलेली आहे. डिस्कच्या पोटातच हेड हलवणारे दोन जबरदस्त चुंबक असतात, फ्रिजवरच्या मॅग्नेटला ती घाबरत नाही. खरे शत्रू म्हणजे पडणं, ओल, उष्णता, चोरी आणि विसर.

आणि 'मूर्खाचे हात' म्हणजे दर वेळी दुसऱ्याचेच हात असतात असं नाही. फोनमधला फोटो उडवला की सिंक झालेल्या क्लाउडवरूनही तो जातो, काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि मग कायमचा. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही जे कराल ते तो करणार, चूकसुद्धा. मर्स्कचे १५० सर्व्हर असेच एकमेकांचे आरसे होते. वायर काढून ठेवलेली डिस्क आरसा नसते, तो फोटो असतो. काल कसं होतं ते तिला आज काहीही झालं तरी आठवतं.

पिक्सारला हे १९९८ मध्ये कळलं. 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना कुणीतरी चालवलेल्या एका कमांडने चित्रपटाच्या बहुतेक फाइल पुसायला सुरुवात केली. बॅकअप काढले तर ते अर्धवट निघाले, कारण ते कित्येक दिवस नीट होतच नव्हते आणि कुणी तपासलं नव्हतं. वाचवलं ते गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरने. त्या चित्रपटाच्या तांत्रिक दिग्दर्शक होत्या आणि नुकतंच बाळ झाल्यामुळे घरून काम करत. त्यांनी आणि ओरेन जेकब यांनी तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला आणि हळूहळू स्टुडिओत आणला. एका सिनेमाची दोन वर्षांची मेहनत त्या ब्लँकेटमध्ये होती.

फार वेळ निजलेलं

आता उलटी बाजू. १९६६-६७ मध्ये नासाच्या पाच लुनार ऑर्बिटर यानांनी चंद्राचे फोटो घेतले आणि ते मोठ्या चुंबकीय टेपवर उतरवले गेले. टेप जपल्या गेल्या. पण त्या वाचणारी ॲम्पेक्स एफआर-९०० ही यंत्रं जगातून जवळपास नाहीशी झाली. नासात काम केलेल्या नॅन्सी इव्हान्स यांनी मोडीत निघालेली काही यंत्रं मिळवून आपल्या गॅरेजमध्ये ठेवली होती, म्हणून २००८ नंतर काही इंजिनिअरांना ती दुरुस्त करून टेप वाचता आल्या. हे काम झालं कॅलिफोर्नियात, मॅकडोनल्ड्सच्या एका बंद पडलेल्या दुकानात. फोटो मूळ छापील प्रतींपेक्षा कितीतरी स्पष्ट निघाले.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा कापडात बांधलेला. कागद टिकला, शाई टिकली, पण मोडी वाचणारे डोळे कमी झाले. मोडी वाचणारा माणूस हेच आपलं एफआर-९००. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं धुंडाळत आणि त्यातलं निवडून छापत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्यांनी काढले. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी एकुलत्या एक प्रतीचा बॅकअप घेतला, आणि तो सगळ्यांना वाचता येईल अशा लिपीत घेतला.

आमच्या घरी दोन टेराबाइटची एक डिस्क आहे. तिच्यात आईबाबांच्या लग्नाची कॅसेट उतरवलेली आहे, आणि आजीने म्हटलेल्या सात ओव्या आहेत. जातं कधीच अंगणात उलटं पडलं होतं, तरी ओव्या म्हणताना आजीचा हात आपोआप गोल फिरायचा, आणि ध्वनिमुद्रणात तिच्या बांगड्या वाजतात. आजी आता नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातल्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता, ऐकता येतात. त्यांच्या संग्रहात माझी आजी नाही. ती फक्त या डिस्कवर आहे, आणि पुण्यात मावशीकडे ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

म्हणून आमच्याकडे एक रीत पाडली आहे. दसऱ्याला पाटावर वह्या-पुस्तकं आणि हत्यारं मांडतात, तिथे ही डिस्कही ठेवतो. हळदकुंकू डब्यावर, छिद्रावर नाही. पूजा झाली की ती जोडायची, दोन-चार फाइल खरंच उघडून पाहायच्या, वर्षभरातलं नवं भरायचं आणि डब्यावर तारीख टाकायची. पाडव्याला पुन्हा तेच. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं, जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवायची. पेनड्राइव्ह किंवा एसएसडी वर्षानुवर्षं न जोडता कपाटात टाकून त्यावर विसंबत नाही, कारण त्यांच्यातला डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू गळतो, उकाड्यात आणखी लवकर.

डब्याच्या आत मी एक कागद ठेवला आहे. डिस्कवर काय आहे, कुठल्या वायरने जोडायची, पासवर्ड कुणाला माहीत आहे आणि दुसरी प्रत कुठे आहे, एवढंच त्यावर लिहिलं आहे. देवनागरीत, मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असं.