बर्लिनची नीळ

१८८७ साली पॅरिसमध्ये विन्सेंट व्हॅन गॉखने एका जपानी चित्राची तैलरंगांत नक्कल केली. मूळ चित्र उतागावा हिरोशिगेचं, १८५७ सालचं, लाकडी ठशांनी छापलेलं. एदो शहरातला, म्हणजे आजच्या टोकियोतला, एक पूल. अचानक आलेली सर. छत्र्या सावरत घाईने चाललेली माणसं. व्हॅन गॉखने भोवती चौकट रंगवून तीत जपानी अक्षरं भरली. ती त्याला वाचता येत नव्हती, दुसऱ्या छापचित्रांवरून पाहून उतरवली होती.

अमेरिकेच्या दबावाखाली १८५४ मध्ये जपानने बंदरं उघडायला सुरुवात केली. त्यानंतर अशी चित्रं युरोपात भराभर पोहोचली. १८७२ मध्ये फिलिप ब्यूर्ती या फ्रेंच समीक्षकाने या वेडाला नाव दिलं: जापोनिझम. काहींच्या बाबतीत ते वेषांतरापुरतंच राहिलं. मोनेने १८७६ मध्ये आपल्या बायकोला लाल किमोनो घालून, मागे भिंतभर पंखे लावून रंगवलं. पण मेरी कसाटने १८९० मध्ये पॅरिसमधलं जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन पाहिलं आणि लगेच दहा रंगीत छापचित्रांची मालिका केली. त्यांत बाळाला अंघोळ घालणारी, पत्राचं पाकीट चिकटवणारी बाई आहे. भिंतभर पंखे नाहीत. जपान आहे तो सपाट रंगांत आणि ठाम रेषेत.

इथवरची गोष्ट नेहमीची: थकलेल्या युरोपीय कलेला पूर्वेने नवी दृष्टी दिली. पण हिरोशिगेच्या त्या पुलाखालची नदी नीट पाहा. जपानी छापचित्रांतली अशी गर्द निळाई म्हणजे प्रशियन ब्लू. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघातानेच सापडला होता. नागासाकीतल्या डच आणि चिनी व्यापारामार्गे तो जपानात आला आणि १८३० च्या सुमारास छापखान्यांना परवडण्याइतका स्वस्त झाला. जपानी लोक त्याला ‘बेरो-आई’ म्हणत. बेरो म्हणजे बर्लिन, आई म्हणजे नीळ. जुना वनस्पतिजन्य निळा लवकर विटायचा. हा टिकायचा, आणि गडदाकडून फिक्याकडे सुरेख विरत जायचा. होकुसाईची प्रसिद्ध लाटही याच निळ्यावर उभी आहे.

दूर जाताना वस्तू लहान दाखवण्याची युक्तीही अशीच आलेली. हिरोशिगे ज्या उतागावा घराण्यातला, त्याचा संस्थापक तोयोहारू याने अठराव्या शतकात युरोपीय छापचित्रं समोर ठेवून यथादर्शनाचा सराव केला होता.

म्हणजे व्हॅन गॉख ज्याला अस्सल जपान समजून डोळ्यांत साठवत होता, त्यात युरोप आधीच मुरलेला होता. याने हिरोशिगे उणा ठरत नाही. बर्लिनच्या निळ्यातून अशी नदी आणि असा पाऊस बर्लिनमध्ये कुणी काढला नव्हता. खोट निघते ती ‘शुद्ध’ या कल्पनेत. पॅरिसला शुद्ध पूर्व हवी होती, म्हणून तिला ती दिसली. आणि त्याच सुमारास कुरोदा सेइकी नावाचा जपानी तरुण पॅरिसमध्ये तैलचित्रण शिकत होता. १८९३ मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या चित्रांकडे अस्सल पाश्चात्त्य कला म्हणून पाहिलं गेलं.