पाळीत काम करणाऱ्यांची रजा कशी मोजतात?

शनिवार पेठेतल्या दुकानाला किंवा कार्यालयाला महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल, तर हिशेब असा: वर्षात किमान 240 दिवस काम भरले, की दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. 260 पाळ्यांना 13 दिवस. वर्षाला 8 किरकोळ रजा वेगळ्या.

सॉफ्टवेअर इथेच गोंधळते. रात्री 10 ते सकाळी 6 ही पाळी दोन तारखांत पडते. पाळी सुरू झाली तीच तारीख धरावी, नाहीतर एका रात्रीचे दोन दिवस लागतात.

याहून महागात पडते ती 240 ची अट. 26 आठवड्यांची, म्हणजे 182 दिवसांची, प्रसूती रजा या मोजणीत धरली जाते. मात्र तिच्यावर नवी रजा मिळत नाही. उरलेल्या काळात 140 पाळ्या केलेल्या बाईचे 322 दिवस भरतात आणि 140 वर 7 दिवस रजा मिळते. रोस्टरमधली फक्त हजेरी पगाराच्या सॉफ्टवेअरला गेली, तर तिच्या नावावर शून्य दिसते. शंका असल्यास पगारपत्रकातला आकडा न पाहता वर्षभराचा हजेरीपट मागावा.